भारी जमिनीत मृगाचा ताण का बसला नाही?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की काटोलकडची 8 वर्षांची संत्र्याची बाग आहे, जमीन काळी भारी, 15 मेला पाणी बंद केलं आणि जूनच्या पावसावर झाडं नवतीनं, म्हणजे कोवळ्या पालवीनं भरली, मृगाचं म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचं फूल मात्र नाही. झाडात दोष नाही. ताण, म्हणजे फुलासाठी मुद्दाम पाणी तोडून दिलेली विश्रांती, बसलाच नव्हता.

पाणी कमी पडलं की संत्र्याची नवी वाढ सगळ्यात आधी थांबते. पानांची रंध्रं मिटून अन्न तयार होणं मंदावतं ते त्यानंतर. मधल्या दिवसांत तयार झालेलं अन्न खर्च होत नाही, काड्यांत साठत जातं. हा साठा आणि ही विश्रांती मिळाली तरच पक्व काडीतला डोळा (अंकुर) फुलाकडे वळतो. ताण अर्धवट राहिला तर तोच डोळा पहिल्या पावसावर पालवी फेकतो.

हलक्या मुरमाड जमिनीत महिनाभरात ताण बसतो, भारी जमिनीला 45 ते 60 दिवस लागतात. तुम्हाला पावसाआधी जेमतेम महिना मिळाला. वर भेगा पडल्या म्हणून जमीन वाळली असं धरू नका. झाडाच्या घेराच्या कडेला दीड फूट खड्डा घ्या आणि तळाची माती मुठीत दाबा. गोळा वळला तर मुळांना अजून पाणी मिळतंय. ठिबकची गळकी नळी आणि शेजारच्या वावरातून झिरपणारं पाणीही तपासा. एप्रिलमध्ये युरिया दिला असेल, तर त्यानंही नवतीलाच जोर दिला. आणि झाडावर आंबियाची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या बहाराची फळं असतील तर मृगाचा नादच सोडा. साठा फळंच ओढून नेतात.

ताण बसल्याची खूण पानावर दिसते: पानं मलूल होतात, फिकी पडतात, आत वळतात आणि साधारण चौथा हिस्सा गळतात. त्यापुढे ताणू नका. काड्या वाळून सल वाढते, आलेलं फूलही टिकत नाही.

आता या हंगामात जबरदस्ती करू नका. आलेली नवती जपा, कारण हीच काडी पिकून आंबियाला फूल देणार आहे. कोवळ्या पानांवर सायला (रस शोषणारी कीड) आणि पानं पोखरणारी अळी दर आठवड्याला बघा.

तुमच्या जमिनीला मृगापेक्षा आंबिया जास्त भरवशाचा, हे माझं स्पष्ट मत. हिवाळ्यात थंडीही डोळ्याला फुलाकडे वळवते, सगळा भार कोरडेपणावर राहत नाही. नोव्हेंबरच्या मध्यात पाणी तोडा, जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ताण फोडा, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करा. मध्येच अवकाळी पाऊस झाला, नवती हलू लागली, तर वाढ रोखणारं 50 टक्के क्लोरमेक्वाट क्लोराईड लिटरला 2 मिली, 15 दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारतात. त्याआधी कृषी सहायकाला किंवा नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारून घ्या.

ताण फोडताना बहुतेक बागा बिघडतात. पहिल्याच दिवशी आळं तुडुंब भरू नका. ताणात बारीक मुळ्या मेलेल्या असतात; भारी मातीत पाणी साचलं की उरलेल्यांना हवा मिळत नाही, मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) शिरतो. पहिलं पाणी नेहमीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं द्या. 4-5 दिवसांनी निम्मं द्या, मग पूर्ण. स्फुरद, पालाश पूर्ण आणि नत्राचा निम्मा हप्ता याच वेळी द्या. उरलेलं नत्र फळं धरल्यावर.