रिकाम्या किनाऱ्यावरही पट्टा का?

प्रश्न : आमची लॅब्राडॉर तीन वर्षांची आहे, कुणाला काही करत नाही. तरी समुद्रकिनाऱ्यावरचा फलक म्हणतो, पट्टा बांधा, आणि ठरावीक महिन्यांत कुत्रा आणूच नका. सकाळी किनाऱ्यावर चिटपाखरूही नसतं. तेव्हा तिला मोकळं सोडलं तर काय बिघडलं?
– एक वाचक

उत्तर : ‘काही करत नाही’ हे मी दवाखान्यात नेहमी ऐकतो, बहुतेकदा टाके घालताना. पण तुमच्या लॅब्राडॉरच्या स्वभावाबद्दल माझी तक्रार नाही, फलकाचीही नाही.

चिटपाखरू नसतं म्हणता, पण नेमकं तेच तिथे असतं. भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत चिखल्यासारखे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, आणि अंडी वाळूच्याच रंगाची. कुत्रीने त्यांना तोंड लावायलाच हवं असं नाही. ती जवळून धावली तरी बसलेला पक्षी उठतो, आणि भर उन्हात उघडी पडलेली अंडी तापून मरतात. पिल्लांना पंख फुटेपर्यंत वाळूत पळण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून ही बंदी बऱ्याच ठिकाणी विणीच्या महिन्यांपुरतीच असते. जिथे कासवं अंडी घालतात तिथे दीड-दोन महिने पुरलेली घरटी हुंगून उकरायला कुत्र्यांना वेळ लागत नाही.

गर्दीच्या वेळेची बंदी मात्र माणसांसाठी. कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाला तुमची खात्री उपयोगाची नसते. पट्टा साधा, दोनेक मीटरचा घ्या. लांबत जाणारा पट्टा हातात असून नसल्यासारखाच.

विष्ठा लगेच उचला. वाळूत पुरणं म्हणजे उचलणं नव्हे, आणि ‘लाट नेईल’ हे तर नकोच. तिच्यातली गोलकृमींची अंडी काही आठवड्यांनी संसर्गक्षम होतात, त्यामुळे ताजी उचलली की धोका बराच टळतो. बरोबर गोडं पाणी ठेवा. समुद्राचं पाणी जास्त पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. फारच जास्त गेलं तर झटकेही येऊ शकतात.

मोकळं सोडायचंच असेल तर फलक परवानगी देतो त्या महिन्यांत, ओहोटीला, खालच्या ओल्या वाळूत सोडा. तिथे तुतवार पक्ष्यांचा थवा खाणं टिपत असेल तर तुम्ही त्याला ओलांडून पुढे जाईपर्यंत पट्टा सोडू नका.