पुणे ते मेलबर्न, खरे तास किती?

गूगल ९८०० किमी दाखवतंय म्हणजे १२ तासात मेलबर्न ना, आणि आईबाबांना झेपेल का, असं विचारलंयत. अंतर बरोबर आहे पण ते मुंबई-मेलबर्न सरळ रेघेतलं, आणि १२ तास डायरेक्ट विमानाचे. तुम्ही पुण्याचे, म्हणजे आधी एक्सप्रेसवे, दीडशे किमीच आहे पण ४ तास धराच, पावसाळ्यात घाटात अडकलात तर देवच जाणे, मग वर ३ तास आधी रिपोर्टिंग. दाराला कुलूप लावल्यापासून इथे मेलबर्नला घरी पोचेपर्यंत २५-२६ तास होतात, तेच मनात धरा.

आता स्टॉप कुठला घ्यायचा ते बघा, खरी गोम तिथेच आहे. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच पडतं, मुंबई-सिंगापूर ३९०० किमी, साडेपाच तास, पुढे मेलबर्न ६००० किमी, साडेसात तास. म्हणजे डायरेक्टपेक्षा जेमतेम दीडशे किमी जास्त! दुबईमार्गे तिकीट कधीकधी स्वस्त दिसतं पण तो निव्वळ द्राविडी प्राणायाम, आधी १९०० किमी उलटं पश्चिमेला जायचं आणि मग ११,६०० किमीची जवळजवळ १४ तासांची एकच फ्लाइट, तरुण माणसाचीही कंबर धरते. दिल्लीहून डायरेक्ट आहे, पण त्यासाठी आधी दिल्ली गाठा, सामान उचला, टर्मिनल शोधा, मला तरी त्यात काही राम वाटत नाही.

एक मात्र पक्कं, पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर काढा. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली तर सिंगापूरला बॅगा घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर पडावं लागू शकतं आणि मग व्हिसाची भानगड. आईबाबांसाठी तासाभराचं कनेक्शन अजिबात नको, तीनेक तासांचं घ्या आणि व्हीलचेअर सांगून ठेवा, चालता येत असलं तरी सांगा, माणूस सोबत असतो आणि गेट शोधत फिरावं लागत नाही.

घड्याळाचं म्हणाल तर मेलबर्न साडेचार तास पुढे, ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच. त्यामुळे फोनची फार अडचण नाही, इथे ऑफिस सुटतं तेव्हा तिकडे दुपारची जेवणं चाललेली असतात. अमेरिकेवाल्यांसारखं रात्री जागायला लागत नाही, ही मोठी सोय आहे हो. पण घरून तातडीचा फोन आला तर तुम्ही त्या दिवशी पोचत नाही, दुसऱ्या दिवशीच, हे घरात आधीच बोलून घ्या.

आणि हो, येताना लोणचं-मसाले काय असेल ते उतरण्याआधी भरायच्या कस्टम्सच्या कार्डवर खरंखरं लिहा, फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड जबर आहे. पेढे-बर्फी आणूच नका, दुधाची मिठाई इथे आत सोडत नाहीत.