सारखी लाईट जाते, असते तेव्हा व्होल्टेज 160 : इन्व्हर्टर घ्यावा की स्टॅबिलायझर?

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे : "बायकोचं शिलाई मशीन सुरू केलं की घरभर बल्ब मंद होतात, म्हणून ते सध्या बंद ठेवलंय." इन्व्हर्टर की स्टॅबिलायझर ते नंतर बघू. ती ओळ वाचल्यावर मला राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या घरात आईची घरघंटी अशीच आठ महिने बंद होती.

गाव मंगळवेढा तालुक्यातलं, ज्वारीचा मुलूख. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरा पडतात. म्हणून बायका चार-पाच दिवसांपुरतंच दळतात. वडील गेल्यावर आईनं 1 एचपीची घरघंटी घेतली आणि गल्लीतली दळणं घ्यायला लागली. पैसे थोडेच मिळायचे, पण ते तिचे होते. दुपारी ओट्यावर डबे घेऊन बायका बसलेल्या असायच्या आणि वडलांनंतर गप्प झालेली आई पुन्हा बोलायला लागली होती.

2018च्या मार्चपासून संध्याकाळी ट्यूब लागेना, पंखा रेंगाळायला लागला. एप्रिलमध्ये फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाला. थोरल्या भावानं त्याच दिवशी निकाल दिला : "आई, तुझी चक्की सगळी लाईट ओढती. बंद कर ती." त्याच्याकडे पुरावाही होता. चक्की सुरू केली की बल्ब पिवळा व्हायचा, घरातल्या सगळ्यांना दिसायचं. आईनं चक्कीवर चादर टाकली. फ्रिज आपल्यामुळे गेला हे तिच्या मनानं घेतलं.

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे आणि चिंचवडला कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करते. फोनवर दादाला म्हटलं, खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, एकदा बघून घ्यायला सांग. तो म्हणाला, "न्यूट्रलला करंट नसतो. टेस्टर लावला तर लागतो का?" वर त्यानं सोळा हजारांचा 5 केव्हीएचा मेन लाईन स्टॅबिलायझर आणला. मला न विचारता, आणि मी याच कामावर पोट भरते हे माहीत असून.

टेस्टर लागत नाही म्हणजे करंट नाही, हे साफ चूक आहे. टेस्टर जमिनीच्या तुलनेत दाब दाखवतो, करंट नाही. सिंगल फेज घरात फेजमधून, म्हणजे टेस्टर लागतो त्या तारेतून, जेवढा करंट येतो तेवढाच न्यूट्रलमधून परत जातो. तुमच्याही घरात कुणी हे वाक्य टाकत असेल तर ऐकून घेऊ नका.

स्टॅबिलायझरनं काय केलं? बाहेर 170 आले की तो आत 220 करून द्यायचा. पण ही वाढ फुकट होत नाही, त्यासाठी तो लाईनमधून जास्त करंट ओढतो. लाईन आधीच कमजोर, त्यात जास्त ओढ, म्हणजे व्होल्टेज आणखी खाली. संध्याकाळभर आतल्या रिलेची टक-टक चालायची आणि आई दर टक-टकीला वर बघायची.

दिवाळीला मी मल्टिमीटर घेऊन घरी गेले. पाडव्याच्या संध्याकाळी समोरच्या काकू आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, आमच्याकडं बल्ब टिकतच नाहीत गं, दर पंधरवड्याला नवा. तिथं मला उलगडलं. आमच्याकडे उजेड नाही आणि दहा पावलांवर बल्ब जळतायत! स्टॅबिलायझर बाजूला काढून आमच्या सॉकेटमध्ये मोजलं, 196. तसंच काकूंकडे जाऊन मोजलं, 265. मग आईला चादर काढून चक्की लावायला सांगितली. आमच्याकडे 172 झाले, काकूंकडे 280.

एकीकडे पडतंय आणि त्याच क्षणी दुसरीकडे चढतंय, याचा अर्थ एकच : खांबावरच्या तीन फेज तारांपैकी दोन घरं दोन वेगळ्या फेजवर आहेत आणि दोघांचा मिळून जो न्यूट्रल आहे तो ढिला आहे. न्यूट्रल पक्का असला तर प्रत्येक फेजला आपापले 230-240 मिळतात. तो सुटला की तीन फेजमधले चारशेच्या वरचे व्होल्ट भाराप्रमाणे वाटले जातात. जिथे भार जास्त तिथे कमी, जिथे भार कमी तिथे जास्त. आईची चक्की व्होल्टेज पाडत होती हे खरं, पण धड लाईनवर तिनं ते पाडलं नसतं. 1 एचपीची मोटार चालू होताना क्षणभर जोरात करंट घेते, दिवा एकदा लवतो आणि सावरतो. मोटार चालू असेपर्यंत दिवा मंदच राहिला तर दोष वायरीत, जोडात किंवा न्यूट्रलमध्ये शोधायचा. फ्रिजही कमी व्होल्टेजनंच गेला. कमी दाबावर कॉम्प्रेसर अडखळतो, जास्त करंट घेतो आणि वाइंडिंग तापून जळतं.

तक्रार आधी दोनदा केली होती, दोन्ही वेळा फ्यूज बघून माणूस परत गेला होता. या वेळी दोन्ही घरांतले आकडे वेळेसह कागदावर लिहून दिले. लायनमननं डीपी (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर) बंद केली, खांबावर चढला. न्यूट्रलची अॅल्युमिनियमची तार नुसती पीळ मारून गुंडाळलेली होती, जोड काळा पडलेला. घासून, लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावून बोल्टनं आवळला. वीस मिनिटांचं काम. त्यानंतर 228, आणि चक्की लावल्यावर 224.

दादा म्हणाला, वरूनच व्होल्टेज वाढवलं असेल. आजही तो हेच म्हणतो. आईची अर्धी गिऱ्हाइकं तोवर मोठ्या गिरणीत जायला लागली होती. मला आईसमोर त्याच्या तोंडून एवढंच हवंय की चक्कीचा दोष नव्हता.

आता तुमचं. एक साधा मल्टिमीटर घ्या, चारपाचशे रुपयांत येतो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातला सॉकेटमध्ये मोजा, मशीन बंद ठेवून आणि चालू करून. त्याच वेळी समोरच्या घरीही मोजा. तुमच्याकडे पडताना तिकडे चढत असेल तर न्यूट्रल. मग तो दुरुस्त होईपर्यंत टीव्ही-फ्रिजचे प्लग काढून ठेवा. दोन्हीकडे सारखंच पडत असेल तर डीपीवर भार जास्त असण्याची शक्यता. फक्त तुमच्याकडे पडत असेल तर तुमची सर्व्हिस वायर किंवा मीटरजवळचा जोड. तक्रार वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर करा, पण लेखीही द्या आणि पोच घ्या. लो टेन्शनला, म्हणजे घरगुती पुरवठ्याला, जाहीर दाबाच्या सहा टक्के वर-खाली एवढीच मुभा आहे, 160 त्यात कुठेच बसत नाही. दाद मिळाली नाही तर 2003च्या वीज कायद्याप्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल.

लाईट जाण्यावर इन्व्हर्टर घ्याच, पण दुरुस्तीनंतर. बहुतेक इन्व्हर्टर यूपीएस मोडवर (कॉम्प्युटरसाठीच्या सेटिंगवर) साधारण 180च्या खाली बॅटरीवर जातात. तुमच्या 160 वर बॅटरी नुसती उतरत राहील, भरणार नाही. 150 एएचची नवी बॅटरी दोन पंखे आणि चार एलईडी पाच तास सहज ओढते. स्टॅबिलायझर घ्यायचाच तर एकट्या फ्रिजला घ्या, लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबणारा. घराच्या मेनवर स्टॅबिलायझरऐवजी जास्त-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारा कटऑफ बसवा.

एक राहिलं. मोजायचं ते फक्त सॉकेटमध्ये, आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून. मीटरचं सील, खांब, डीपी यांना हात लावू नका. कुणी सांगेल की अर्थिंगचाच न्यूट्रल करा, व्होल्टेज वाढतं. वाढतंही, पण उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगच्या तारेत आणि तिला जोडलेल्या फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. आणि तुमच्याकडे शेतीपंपांचा फीडर (सबस्टेशनवरून येणारी लाईन) तोच असेल तर लाईट आल्या आल्या ऑटो स्विचनं सगळ्या मोटारी एकदम उठतात. ती पाच-दहा मिनिटांची घसरण वेगळी, ते आकडे यात धरू नका.

मोजताना बायकोला शेजारी उभं करा. आकडे ती लिहू दे, मशीन तीच चालू-बंद करू दे.