कोलोनच्या मनोऱ्यावरची यारी

प्रश्न : आजोबांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं एक छापील चित्र घरात आहे. खाली जर्मनमध्ये कोलोनच्या कॅथीड्रलचं नाव आहे. उजवीकडे टोकदार खिडक्यांची उंच इमारत, डावीकडे वरून तुटलेला मनोरा, मध्ये बुटकी छपरं. मनोऱ्यावर तिरकी तोफ दिसते. चित्र महायुद्धातल्या बाँबफेकीनंतरचं असेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : तोफ कसली, यारी आहे ती! दगड वर चढवायची लाकडी यारी. आत मोठं चाक असे, त्यात माणसं चालत राहायची आणि दोर गुंडाळला जायचा. मनोराही तुटलेला नाही, बांधायचा राहिलाय. काम १२४८ साली सुरू झालं, तुम्हाला उजवीकडे दिसतो तो पूर्वेचा भाग १३२२ पर्यंत उभा राहिला. पुढे पैसा आटला, हुरूपही ओसरला आणि सोळाव्या शतकात काम बंदच पडलं. यारी मात्र १८६८ पर्यंत वरच राहिली. कोलोनची ओळखच झाली होती ती.

काम पुन्हा सुरू झालं १८४२ मध्ये. तुमच्या चित्रात मधली छपरं बुटकीच आहेत, म्हणजे दृश्य त्याआधीचं. आता भिंग घेऊन आकाश पाहा. केसासारख्या बारीक, एकसारख्या समांतर रेघा दिसल्या तर ते पोलादी पत्र्यावरचं कोरीवकाम. पुस्तकांतल्या चित्रांसाठी ते १८२० नंतर रुळलं. म्हणजे तुमचं चित्र बहुधा या वीसेक वर्षांतलं.

याच काळातल्या काही चित्रांत मात्र दोन्ही मनोरे पूर्ण दिसतात! दर्शनी बाजूच्या मध्ययुगीन आराखड्याचा एक तुकडा १८१४ मध्ये डार्मश्टाटला सापडला, दुसरा १८१६ मध्ये पॅरिसला. त्यावरून कोलोनचे कलासंग्राहक बोआसरे यांनी पुरं झालेलं कॅथीड्रल छापूनही टाकलं; प्रत्यक्षात ते पुरं झालं १८८० साली. आमच्या फ्रेमच्या दुकानात असं चित्र आलं की गिऱ्हाईक हमखास ‘१८८० नंतरचं’ म्हणून मोकळं होतं.

किमतीची फार आशा धरू नका. प्रवासवर्णनांतून फाडलेली अशी पानं पुष्कळ फिरतात. पण फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका. चित्राखाली डाव्या कोपऱ्यात सहसा चितारणाऱ्याचं नाव असतं, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं. ती दोन्ही कळवलीत तर साल आणखी नेमकं सांगता येईल.