वाचकांचे प्रश्न : हंगाम दीड महिन्याचा, धंदा बारा महिन्यांचा

प्रश्न : लीन पद्धतीत आधी थोडा माल काढा, विकून बघा, मग वाढवा, असे एका प्रशिक्षणात सांगितले. पण रातांबे (कोकमाची फळे) एप्रिल-मेमध्ये एकदाच येतात. म्हणून यंदा सगळ्यांचे सिरप करून 1000 बाटल्या भरून ठेवायचा विचार आहे. लेबलेही 5000 छापली की स्वस्त पडतात. यात काही चुकते आहे का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : फळ सगळे घ्या, बाटल्या मात्र भरू नका. पिकलेला रातांबा थांबत नाही आणि पाऊस लागला की वाळवण संपले, म्हणजे प्रक्रिया एकदमच करावी लागणार. ती कुठे थांबवायची एवढेच तुमच्या हातात आहे. मालाचे पुढे काय करायचे हे जिथपर्यंत बदलता येते, तिथेच थांबवा.

थोड्या फळांचे मीठ घालून आगळ, म्हणजे खारा रस, करा. बाकीची साले बिनमिठाची कडक वाळवून हवाबंद ठेवा. आगळातले मीठ परत काढता येत नाही, त्यामुळे ते बहुतेक सोलकढीच्याच गिऱ्हाइकाकडे जाणार. बिनमिठाच्या सालांचे मात्र सिरप होते आणि ती तशीच पाकिटातूनही विकता येतात. बिया फेकू नका; धुऊन वाळवल्या की कोकमतेलाला चालतात. आगळ फूडग्रेड प्लॅस्टिकच्या पिंपात किंवा चिनी मातीच्या बरणीतच ठेवा. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबे यांना त्यातले आम्ल खाते.

सिरप एका वेळी 20 लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 40 बाटल्या, एवढेच करा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखरेचे प्रमाण (ब्रिक्स) मोजणारे उपकरण, घ्याच. ब्रिक्स 65 च्या खाली राहिला तर सिरप आंबण्याची भीती असते आणि ते कळते बूच फुगल्यावर, तेही दुकानदाराच्या फळीवर. शिवाय उजेड आणि उष्णता यांनी कोकमाचा लाल रंग तपकिरीकडे झुकतो. मेमध्ये भरलेली बाटली दिवाळीत गिऱ्हाइकाला जुनी दिसते, आत माल चांगला असला तरी.

लेबलांचा हिशेब दराने नको, एकूण रकमेने करा. समजा 5000 लेबले दीड रुपयाने 7500 रुपयांना पडतात आणि 200 लेबले सहा रुपयांनी 1200 ला. पहिल्या दोन महिन्यांत बाटलीचे माप, किंमत किंवा घटकांची यादी हमखास बदलते. तेव्हा पहिल्या सौद्यात उरलेली सगळी रद्दी. उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर छापू नका, शिक्का मारा. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी मात्र पहिल्या बाटलीच्या आधी हवी. चाचणी आहे म्हणून त्यात सूट नाही.

आता विक्री. ‘ठेवा, खपले की पैसे देतो’ म्हणणारा दुकानदार 40 काय, 100 बाटल्याही घेईल, कारण त्याचे काहीच अडकत नाही. त्यावरून मागणी कळत नाही. हायवेवरचे एक, गावातले एक आणि देवस्थानाजवळचे एक, अशा तीन दुकानांना बारा-बारा बाटल्या रोखीने द्या, हवे तर दर थोडा उतरवा. उरलेल्या चार घरी ठेवून रंग आणि बूच बघत राहा. चार आठवड्यांत तिघांपैकी दोघांनी आपणहून पुन्हा मागवले तर पुढचा घाणा लावायचा, हे आधीच वहीत लिहून ठेवा. नाहीतर मागाहून ‘पाऊस होता, गर्दी नव्हती’ असे म्हणत आपणच आपली समजूत घालतो. मागणी नाही आली तर एका वेळी एकच गोष्ट बदला, माप किंवा दर. दोन्ही बदलले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

प्रश्न : आमचा बचत गट फणसाचे तळलेले गरे करतो. काप काळे पडतात, संध्याकाळपर्यंत सगळे तळून होत नाही. अनुदानातून काप करायचे यंत्र घ्यावे का?
– बचत गटाच्या सदस्य, लांजा

उत्तर : ताई, यंत्राने तुमचा ढीग वाढेल, गरे नव्हे. तुमचे काम कढईपाशी अडले आहे. चिरलेला गरा हवा लागून काळा पडतो, म्हणून कढईपुढे साठलेला प्रत्येक काप नुकसानीचाच. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी मोजलेल्या सात प्रकारच्या नासाडीत गरजेआधी केलेले उत्पादन सर्वांत वाईट धरले आहे, ते याचसाठी.

घड्याळ लावून एका घाण्याचा वेळ मोजा. समजा 12 मिनिटे लागतात, तर तासाला पाचच घाणे. मग एका घाण्यापुरते काप मावतील अशा दोन पराती ठेवा. कढईवालीने एक परात रिकामी केली की चिरणारीने ती भरायची. दोन्ही भरलेल्या असतील तर सुरी खाली ठेवून पाकिटांकडे वळायचे. पूर्ण निवल्याशिवाय पाकीट सील करू नका, आत वाफ धरून गरे मऊ पडतात. एवढे करूनही मागणी पुरी होत नसेल तर आधी दुसरी शेगडी आणि कढई घ्या. आणि फणस ‘कापा’ (घट्ट गऱ्याचा) जातीचाच घ्या, जून पण कच्चा. मऊ गऱ्याच्या बरक्याचे हे काम नव्हे.

अनुदानाबद्दल थोडे. पीएमएफएमईसारख्या (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या) योजनेत खर्चाच्या 35 टक्के मिळतात, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले असतात. उरलेल्या रकमेचा हप्ता फणस नसलेल्या महिन्यांतही भरावा लागतो.

प्रश्न : गुहागरला सहा खोल्यांचा होमस्टे बांधतोय. आधी एकच खोली सुरू करून अंदाज येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : येईल, पण नाताळ आणि मे सोडून. त्या दिवसांत कोणाचीही खोली भरते. जुलै ते सप्टेंबरमधले मधले वार बघा, आणि आलेल्यांपैकी कितीजण पुन्हा थेट तुम्हाला फोन करतात ते मोजा. जागा भरतीरेषेजवळ असेल तर सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची) परवानगी पायाच्या आधी. तिथे थोडे बांधून बघू हा प्रकार चालत नाही.