गाडीत आई पाणी का पीत नाहीत?

प्रश्न: जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझे सासू-सासरे आणि आत्येसासूबाई भारतातून आमच्याकडे मँचेस्टरला येताहेत. तिघंही सत्तरीच्या आसपासचे. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. हे तिघं, आम्ही दोघं आणि आमची 9 आणि 13 वर्षांची मुलं असे सात जण सात सीटांची गाडी भाड्याने घेऊन स्कॉटलंडला, स्काय बेटापर्यंत जायचं म्हणतोय. हाताशी सहा दिवस आहेत. नवऱ्याचं म्हणणं, पहाटे निघून एका दिवसात स्काय गाठू, एवढ्या लांबून आलेत तर सगळं दाखवायला हवं. मला धाकधूक वाटते. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "आमचं काही नाही गं, तुम्ही म्हणाल तसं." काय करावं?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सासूबाईंचं आहे. "आमचं काही नाही" याचा अर्थ त्यांना काही लागत नाही असा नाही. लागलं तरी त्या सांगणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

मी हे फार उशिरा शिकले. माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही त्यांना असंच हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, नेलं होतं. दिवसभर आई मागच्या सीटवर बसून "किती सुंदर आहे नाही!" म्हणत होती. फोर्ट विल्यमला उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला, ओठ सुकून पांढरे पडलेले, डोकं धरून बसली. मी तिच्या पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली. सकाळी दिली होती तशीच होती, झाकणाचं सीलसुद्धा तुटलं नव्हतं. "पाणी प्यायलं की सारखं जावं लागतं, मग तुम्हाला गाडी थांबवावी लागते," ती म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून प्रवास असा आखा, की त्यांना काही मागावंच लागणार नाही. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

आधी अंतराचं बघू. मँचेस्टरहून स्कायचं मुख्य गाव पोर्ट्री सव्वाचारशे मैलांहून थोडं जास्तच आहे. न थांबता आठ-नऊ तास, आणि सात जणांना घेऊन न थांबता कोणी जात नाही. इथल्या हायवे कोडमध्ये दर दोन तासांनी निदान 15 मिनिटांची विश्रांती सांगितली आहे. ती चालवणाऱ्यासाठी आहे, पण सुजणाऱ्या पायांना आणि आखडणाऱ्या गुडघ्यांनाही तीच लागते. तेव्हा पहिल्या दिवशी लॉक लोमंड या तळ्याच्या काठापर्यंतच जा. मोटरवेवर सर्व्हिसेस, म्हणजे खाण्यापिण्याची आणि स्वच्छतागृहांची ठिकाणं, आहेत तोवर थांबण्याची चिंता नसते. ग्लासगो मागे पडून ए82 हा रस्ता लागला की मात्र तशी सोय उरत नाही. टार्बेटच्या पुढे तर एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत आणि मधून अरुंद, वळणावळणाचा रस्ता. तिथे कोणाला घाई झाली तर गाडी उभी करायला जागा नाही. म्हणून थांबे आदल्या रात्रीच कागदावर लिहा: लस नावाचं गाव, टिंड्रम, ग्लेन्कोचं व्हिजिटर सेंटर, फोर्ट विल्यम. तो कागद सासूबाईंच्या हातात द्या. पुढचं स्वच्छतागृह 40 मिनिटांवर आहे हे कळलं की त्या पाणी पितील. आणि प्रत्येक थांब्यावर "कोणाला जायचंय का?" असं विचारू नका. "चला, सगळे उतरू या," म्हणा आणि आधी तुम्ही स्वतः जा. खेड्यांतल्या काही स्वच्छतागृहांना पैसे पडतात. त्यासाठी थोडी नाणी आणि एक कार्ड तुमच्या खिशात असू द्या. सासऱ्यांना दारात उभं राहून पाकीट चाचपावं लागू नये.

सासऱ्यांच्या गोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते. रक्तदाबाच्या औषधांमध्ये पुष्कळदा लघवी वाढवणारी गोळी असते, आपल्याकडे तिला पाण्याची गोळी म्हणतात. प्रवासाच्या दिवशी ती गुपचूप वगळणारे मी कितीतरी पाहिले आहेत, माझे बाबा त्यातलेच. आताच भारतात फोन करून सासऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा, की प्रवासाच्या दिवशी ती गोळी केव्हा घ्यायची. मनाने बंद करायची नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन असेल तर जेवणाची वेळ टळू देऊ नका, आणि बिस्किटं, साखर त्यांच्याच खिशात ठेवा, डिकीतल्या पिशवीत नको. औषधं पुरून उरतील इतकी आणायला सांगा, मूळ पाकिटांसकट. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथला केमिस्ट औषध देत नाही. तरीही चिठ्ठी जवळ असू द्या, घटक औषधांच्या नावांसह. इथल्या डॉक्टरला त्यावरून पटकन समजतं. तब्येतीबद्दल काही विचारायचं असेल तर 111 ला फोन करा, जिवावरचं असेल तर 999 ला. प्रवास विमा काढताना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही लिहायला लावा. बाहेरून भेटीला आलेल्यांना इथे हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर बिल येतं, आणि लपवलेल्या आजाराचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

आता गाडी. सात सीटांच्या गाडीत सात माणसं बसली की सामानाला जागा जवळजवळ उरतच नाही, हे भाड्याच्या जाहिरातीत दिसत नाही. मोठ्या बॅगा घरीच ठेवा, माणशी एक मऊ पिशवी न्या. तिसऱ्या रांगेत मुलं. धाकट्याची उंची 135 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर त्याला कायद्याने बूस्टर सीट लागते, ती घरूनच न्या. पुढच्या सीटवर सासूबाई. तिथेच पाय लांब करता येतात. "तू बस गं नवऱ्याजवळ," असं त्या गाडीच्या दाराशी म्हणणारच, आणि तिथे तो वाद जिंकता येत नाही. आदल्या रात्री जेवताना ठरवून टाका. तुमच्या नवऱ्यालाच सांगू दे, "आई, तू पुढे." मधल्या रांगेत आत्याबाई आणि सासरे खिडक्यांशी, तुम्ही मध्ये. पट्टे मागेही सगळ्यांनी लावायचे.

सासरे कधीतरी म्हणतील, "मी चालवतो थोडी, डावीकडूनच तर आहे." भारतातल्या परवान्यावर पाहुण्यांना इथे 12 महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, पण गाडीच्या विम्यात त्यांचं नाव नसेल तर एक मैलही नाही. शिवाय स्कायवरचे कितीतरी रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. समोरून गाडी आली की पासिंग प्लेस, म्हणजे वाट द्यायला केलेली रुंद जागा, डावीकडे असेल तर तिच्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबून वाट द्यायची. मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही जाऊ द्यायचं. फोटोसाठी तिथे गाडी लावायची नाही, रोजच्या कामाला निघालेल्या गावकऱ्यांची वाट अडते. सासऱ्यांना नकाशा सांभाळायचं काम द्या. डोंगरात फोनची रेंज जाते, तेव्हा छापील नकाशा घेतलेला माणूस खरंच कामाला येतो. त्यांना ग्लेन्कोची गोष्टही सांगा. 1692 च्या फेब्रुवारीत सरकारी सैनिक तिथल्या मॅकडोनाल्ड लोकांच्या घरी जवळजवळ दोन आठवडे पाहुणे म्हणून राहिले, त्यांच्या पंगतीला जेवले आणि एका पहाटे त्यांच्यावरच शस्त्र उचललं. ते ऐकल्यावर माझे बाबा त्या दरीत बराच वेळ उभे राहिले होते. पाहुण्याला देव मानणाऱ्याला ती दरी वेगळी दिसते.

दुसऱ्या दिवशी फोर्ट विल्यमहून मॅलेग बंदराकडे वळा. वाटेत ग्लेनफिनन लागतं. तिथला 21 कमानींचा रेल्वेपूल बघायला जूनमध्ये फार गर्दी होते, गाडी लावायला जागा मिळाली नाही तर हट्ट न धरता पुढे निघा. मॅलेगहून स्कायवरच्या आर्मडेलला गाडीसकट बोटीने जा, म्हणजे गुडघ्यांना पाऊण तास विसावा मिळेल. परतताना स्कायच्या पुलावरून या. 2004 च्या डिसेंबरपासून त्यावर टोल नाही, आणि एलन डोननचा किल्लाही त्याच वाटेवर आहे.

स्कायवर तीन रात्री एकाच घरात काढा, ब्रॉडफर्डच्या आसपास, स्वयंपाकघर असलेल्या. रोज नवं हॉटेल, रोज नव्या पिशव्या हे या वयात नको. गावातल्या खानावळींची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, आणि उजेड रात्री दहानंतरही असल्याने जेवायची वेळ झाली हे कोणाच्या लक्षातच येत नाही. घड्याळ लावून जेवा. झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्टी द्या. वरण-भात करायला कुकर न्या, पण एक जपा. स्कॉटलंडमध्ये 2022 पासून घरातले धुराचे आणि उष्णतेचे अलार्म एकमेकांना जोडलेले असावे लागतात. स्वयंपाकघर बैठकीला लागूनच असेल तर मोहरी-मिरचीच्या एका फोडणीने सगळं घर कर्कश वाजायला लागतं आणि फोडणी देणारी बाई ओशाळी होते. आधी खिडकी उघडा, पंखा लावा, आणि पहिली फोडणी तुम्ही द्या.

ठिकाणं गाडीजवळची निवडा. स्लिगाहनचा जुना पूल, किल्ट रॉकचा कठडा, क्विरेंगचा घाट. फेअरी पूल्स आणि ओल्ड मॅन ऑफ स्टॉरची चढण तुम्ही एकेकाने मुलांना घेऊन करा, दुसऱ्याने मोठ्यांबरोबर थांबावं. संध्याकाळी वारा पडला की मिजेस नावाच्या बारीक माश्या घोंघावतात. जाळीच्या टोप्या दोन पौंड जास्त पडल्या तरी घ्या. चांगली पकड असलेले बूट साडीखालीही घालायचे, हे भारतातून निघतानाच सांगा. जून असला तरी गरम कपडे आणि पावसाचं जाकीट हवंच.

पैशांचं एकच. किमतीची पाटी दिसली की मनातल्या मनात रुपये होतात आणि तिघांचीही भूक मरते. शक्य ते आधीच भरून ठेवा. पण सासऱ्यांना मुलांच्या आइस्क्रीमचे पैसे देऊ द्या. अडवू नका.

नवऱ्याला म्हणावं, सगळं दाखवायचं असेल तर मधला एक दिवस काहीच दाखवू नकोस. त्या दिवशी सकाळी त्यांना "बरं वाटतंय का?" विचारू नका, उत्तर "हो" असंच येईल. "आई, आज पाण्याकाठी बसू या का घरातच राहू या?" असं विचारा. दोन्हींतलं एक त्यांना निवडावं लागेल, आणि त्या निवडतील.

मॅलेगच्या बोटीचं आरक्षण मात्र आजच करा. उन्हाळ्यात गाड्यांच्या जागा लवकर भरतात.