ट्रस रॉडला हात लावण्याआधी हे वाचा

कराडकर, तुम्ही लिहिलंय की पंधरा वर्षं गिटार वाजवताय, गेल्या महिन्यात चार तारांचा बेस गिटार घेतला, ॲक्शन (म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची) फार वाटते, बोटं भरून येतात आणि या रविवारी ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (दांडीच्या) आतला तिचा बाक कमीजास्त करणारा लोखंडी दांडा, स्वतः आवळणार आहात. सोबत गिटारच्या ॲम्पवर चालेल का, असंही विचारलंय. वाचून अंगावर काटा आला. सात वर्षांपूर्वी अगदी याच वाटेनं मी गेलो होतो. या रविवारी रॉडला हात लावू नका, एवढी विनंती.

आधीच सांगतो, मी वाद्यदुरुस्ती करणारा माणूस नाही. सांगलीत विश्रामबागला राहतो, बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, आता निम्म्या कार्यक्रमांत बेस वाजवतो. माझ्या बेसवर जे घडलं तेवढंच सांगतोय. तुमचं मॉडेल वेगळं असू शकतं, रॉड वेगळ्या जातीचा असू शकतो.

माझा बेस जुलैत घरी आला. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. नेक थोडा पुढे वाकला होता आणि ई तार (सगळ्यात जाड) बाराव्या फ्रेटवर (पडद्यावर) तीन मिलिमीटरच्या वर होती. गिटारच्या हाताला ते डोंगर चढल्यासारखं वाटलं. मी काय केलं? तारा पूर्ण सुरात असताना, एकाच संध्याकाळी, पाव पाव फेरा करत रॉड आवळत गेलो. त्यातही ॲलन की (षटकोनी किल्ली) चुकीची. त्या रॉडला 3/16 इंचाची लागते, म्हणजे 4.76 मिमी. माझ्या डब्यात साडेचारची होती, ती बसली, फिरली, म्हणून मी पुढे गेलो. शेवटच्या फेऱ्याला रॉडच्या टोकावरच्या नटच्या आतले कोपरे घासून गोल झाले. त्या रात्री मात्र मी खुशीत होतो, कारण तारा अगदी गिटारसारख्या खाली आल्या होत्या. गणपतीचे कार्यक्रमही झकास झाले.

फेब्रुवारीत हवा कोरडी झाली आणि नेक मागे गेला. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळीकडे खरखर, ई तारेवरचा एफ तर निघेचना. रॉड ढिला करायला गेलो तर की नुसती फिरते, नट जागचा हलत नाही.

मग सेवा केंद्र. नाव लिहीत नाही. पहिल्याच मेलमध्ये मी खरं लिहिलं होतं की रॉड मी आवळला, नट मी खराब केला, पैसे घ्या पण दुरुस्त करून द्या. त्यावर बिलाचा फोटो मागवला. मग अनुक्रमांकाचा. मग व्हिडिओ. मग वाद्यच पाठवा म्हणाले. खोका मिळवून, थर्माकोल भरून पाठवलं. फोन केला की दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून सगळी कथा. अकरा आठवड्यांनी बेस परत आला, सोबत चिठ्ठी: वापरकर्त्याने छेडछाड केल्यामुळे वॉरंटी लागू नाही. अहो, हे तर मीच पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं! नाही म्हणण्याचा त्यांना हक्क होता, तो मला मान्य आहे. पण ते पहिल्या आठवड्यात म्हणाले असते तर एप्रिल-मेची लग्नसराई माझ्या हातून गेली नसती. जाण्यायेण्याचा कुरिअरचा खर्चही माझ्याच माथी. अजून आठवलं की घसा कोरडा पडतो. म्हणून सांगतो, कुठेही वाद्य पाठवण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: हे काम तुम्ही करणार का, हो की नाही. उत्तर येईपर्यंत खोका बांधू नका.

शेवटी मिरजेला गेलो. आपल्याकडे सतार-तंबोरे करणारी माणसं पिढ्यान् पिढ्या बसली आहेत आणि मी बेस घेऊन लांब कुठेतरी पाठवत होतो. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांनी नेक डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "दांडी मागं गेलीय. लाकूड चांगलंय, घाबरू नका." मी खरखर ऐकवली. ते म्हणाले, "आम्ही तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी, म्हणजे तो झणझणीत नाद, काढायला दिवस घालवतो, तार घासली पाहिजे म्हणून. तुमच्याला ती नको, तर तारेला जागा ठेवा." सात वर्षांत सेटअपबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. बेसची तार जाड, तिचा झोका मोठा, तिला नेकमध्ये किंचित खोलगटपणा लागतो. मी तोच काढून टाकला होता.

लोखंडाचं काम आमचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं गोल झालेल्या नटमध्ये किंचित मोठा टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) हलकेच ठोकून बसवला, नट बाहेर काढला, नवा घातला. सगळं मिळून अर्धा तास. तुम्ही हे घरी करू नका, ठोका चुकला तर नेक फुटतो.

आता तुमच्या बेसकडे. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार नि फ्रेटमधली फट बघा. जाडसर व्हिजिटिंग कार्ड, म्हणजे साधारण 0.3 ते 0.35 मिमी, जेमतेम जात असेल तर रॉडचा काही दोष नाही. उंची कमी करायची ती ब्रिजवरच्या सॅडलनं, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या वरखाली होणाऱ्या तुकड्यानं. बाराव्या फ्रेटवर ई तार अडीच मिमीच्या आसपास राहू द्या. त्याहून खाली नेण्याचा हट्ट हा गिटारवाल्याचा हट्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्यांची बोटं फार हलकी चालतात त्यांना कदाचित जमत असेल.

बोटं भरून येण्याचं कारण बहुतेक ॲक्शन नाहीच. नेहमीच्या बेसची स्केल (तारेची वाजणारी लांबी) 34 इंच, आपल्या गिटारची साडेपंचवीस. पहिल्या फ्रेटची रुंदीच बघा, गिटारवर 36 मिमी, बेसवर 48. तिथे चार फ्रेटला चार बोटं ताणली की मनगट बोलणारच. पहिल्या चार फ्रेटवर तर्जनी, मधलं आणि करंगळी वापरा, अनामिकेला करंगळीच्या मदतीला ठेवा. डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत आहे. पंधरा दिवसांत हात सैल होतो.

पिक (तार छेडायची पट्टी) सोडा असा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका. कॅरल के मूळच्या गिटारवादक, 1960 च्या दशकात त्यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पिकनंच बेस वाजवला. बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची गाणी बहुतांशी एका तर्जनीनं वाजवली. हात कसा चालतो याला महत्त्व कमी, सूर कुठे थांबतो याला जास्त. बेसवर निम्मं काम न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवण्याचं असतं, आणि हे मला गिटारनं कधी शिकवलंच नव्हतं. डग्ग्याचा घुमारा सुरू असताना मी सूर लांबवला की सगळा चिखल व्हायचा. आता डग्गा बोलतो तेव्हा मी थांबतो. ऑर्केस्ट्रात वाजवत असाल तर कीबोर्डवाल्याला डावा हात वर घ्यायची विनंती आधीच करा. बेस नसताना खालचे सूर सांभाळायची त्याला सवय असते, आणि दोघं एकाच जागेत शिरलात तर दोघंही ऐकू येत नाहीत.

ॲम्पचं थोडक्यात. बेसची मोकळी ई साधारण 41 हर्ट्झ, गिटारची 82. गिटारचा स्पीकर त्या खालच्या सुरांसाठी केलेला नसतो. घरी हळू आवाजात सरावाला हरकत नाही. बँडसोबत आवाज वाढवलात तर स्पीकरचा कोन (आतला कागदी पडदा) फाटू शकतो. त्यापेक्षा हेडफोनवर वाजवा. बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवा, नाहीतर ती उतरत राहते. पट्टा तीन इंच रुंद घ्या, खांदा आशीर्वाद देईल.

माझा तोच बेस आजही वाजतो. जूनमध्ये आणि फेब्रुवारीत मी फट मोजतो, लागलाच तर रॉडला तारा सैल करून आठवा भाग फेरा, मग एक रात्र तसाच ठेवतो. तुमच्या फटीचं माप काय येतंय ते आधी इथे लिहा. आणि तुमच्या रॉडला नेमकी कितीची की लागते, तेही.